रतनवाडी ते पाचनई : हिवाळ्यातली चार दिवसांची पायी सहल

नोंदणीचा फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, "किती किल्ले होतात?" एकच. हरिश्चंद्रगड, तोही शेवटच्या दिवशी. बाकीचे दिवस एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचं आणि तिथल्या घरात मुक्काम करायचा. दोन दिवसांत कळसूबाई, रतनगड, सांदण दरी सगळं उरकायचं असेल तर ही सहल घेऊ नका. पैसे घेऊन तुम्हाला नाराज करण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

पहिल्या दिवशी मुंबईकरांनी कसाऱ्याला, पुणेकरांनी राजूरला उतरायचं. तिथून जीपने रतनवाडी. दुपारी अमृतेश्वराचं हेमाडपंती देऊळ आणि पुष्करणी निवांत बघायची, मग भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने पाय मोकळे करायचे. हे धरण १९२६ साली पुरं झालं. त्यात अडलेली प्रवरा उगम पावते ती इथेच, रतनगडाच्या डोंगरात.

दुसरा दिवस सगळ्यात लांबचा. कात्राबाईची खिंड चढून पलीकडे कुमशेतला उतरायचं, थांबत-थांबत सहा-सात तास. त्या दिवशी आम्ही सकाळी सातला निघतो म्हणजे सातलाच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या सावलीतल्या रानात पाचपासूनच अंधारायला लागतं. एका वर्षी फोटोंच्या नादात आमची एक तुकडी दोन तास रेंगाळली. खिंडीखालच्या रानात अंधार झाला आणि बारा जणांपैकी नऊ जणांच्या बॅटऱ्या सॅकच्या तळाशी! चूक आमचीच, आम्ही हटकायला हवं होतं. तेव्हापासून बॅटरी सॅकच्या वरच्या खणात आहे की नाही, हे आम्ही निघतानाच बघतो.

हिवाळ्यातली वाट पावसाळ्यासारखी निसरडी नसते, पण वाळलेलं गवत आणि सुटा मुरूम यांनी पाय घसरतो. घसाऱ्यावर उतरताना टाचा रोवून, छोटी पावलं टाका. बूट नवे असतील तर आधी पंधरा दिवस घरी वापरा. आणि कुसळं! लोकरी मोज्यांत ती अशी रुततात की संध्याकाळी पडवीत बसून सगळे एकमेकांच्या मोज्यांतली कुसळं उपटत असतात. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट घाला. शॉर्ट्स नकोत.

पहाटे कधीकधी पारा एक आकडी होतो आणि दुपारी बाराला घाम फुटतो. एकच जाड जाकीट आणण्यापेक्षा दोन पातळ थर आणि कानटोपी आणा. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून लोक पाणीच पीत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. माणशी तीन लिटर पाणी जवळ हवंच. वाटेतले झरे हिवाळा सरता सरता आटतात.

वाटेत अत्तर, सिगारेट, शेकोटी पूर्ण बंद. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, वास आणि धुराने उठली तर पळायलाही जागा नसते. शिवाय हा सगळा भाग अभयारण्यात येतो. ३१ डिसेंबरला आम्ही सहल नेत नाही. कारण विचारू नका, त्या रात्री एखाद्या गडावर गेला असाल तर ठाऊकच असेल.

जेवण घरचं, चुलीवरचं : नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी, भात. स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हाती पैसे आम्ही त्याच दिवशी देतो. ताटात हवं तेवढंच घ्या. गोधड्या मिळतात, चादर स्वतःची आणा. संडास आहेत, गरम पाणी बादलीभर मिळेल. फोनला रेंज धरू नका.

तिसऱ्या दिवशी कुमशेतहून पाचनई, अर्ध्या दिवसाची चाल. चौथ्या दिवशी पहाटे गड. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी बर्फासारखं असतं, तरी कुणीतरी उतरतंच. कोकणकड्यावर झोपून खाली बघायचं, उभं राहून नाही. इंद्रवज्राला, म्हणजे दरीत दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याला, समोर ढग-धुकं लागतं, हिवाळ्यात त्याची आशा धरू नका.

गुडघ्याचं दुखणं, दमा, मधुमेह असेल तर नोंदणीतच सांगा. आम्ही लगेच नाही म्हणत नाही. खिंडीचा दिवस जीपने फिरून येता येतं.

परत कसाऱ्याला पोचायला रात्रीचे साडेआठ होतात. पुढची लोकल धरून घरी जाईपर्यंत मध्यरात्र. दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग ठेवू नका.