‘ठिमूक’ वाचून दाखव!

आठ वर्षांची माझी भाची शाळेत जात नाही, घरीच शिकते. दिवाळीत तिने मला गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचून दाखवलं. पण पान उलटायच्या आधीच पुढचं वाक्य तिच्या तोंडून निघालं, आणि ‘तट्टू’ छापलं होतं तिथे चित्राकडे बघून ती ‘घोडा’ म्हणाली. पुस्तक पाठ होतं!

वर्गात आजूबाजूला पोरं असतात, कोण मागे पडतंय ते बाईंना दिसतं. घरी पुस्तकं तीच, ऐकणारी आईही तीच.

मग अशा मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी ठीक असूनही अक्षरं वाचताना येणारी अडचण, असेल का, याचा अंदाज कसा घ्यायचा? आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. मग एक उतारा मुलाने वाचायचा, तेवढाच अवघड दुसरा आपण वाचून दाखवायचा आणि दोन्हींवर प्रश्न विचारायचे. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलं, की वाचन म्हणजे गुणाकार : अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. ऐकलेलं कळतं आणि वाचलेलं कळत नाही, तर घोडं बहुधा उलगडण्यात अडलंय.

ते पकडायला निरर्थक शब्दांसारखं हत्यार नाही. ‘लुकेपा’, ‘ठिमूक’, ‘भिसर्का’. कधी ऐकलेले नाहीत, शेजारी चित्र नाही, त्यामुळे पाठांतराची डाळ शिजत नाही. त्यात देवनागरीची खोड बघा. ‘ठि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, उच्चारात नंतर येते. ‘र्का’मधला रफार ‘का’च्या डोक्यावर, पण म्हणायचा ‘का’च्या आधी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक तर मोठ्यांनाही चकवतो. ३४ व्यंजनांची नुसती बाराखडी ४०८ अक्षरांची होते, जोडाक्षरं वेगळीच. म्हणून इंग्रजी चाचणीचं भाषांतर कामाचं नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया ओळखायला ‘डाली’ हा चाचणीसंच बनवला, तो मराठीतही आहे.

शब्दातला एक आवाज काढून उरलेला शब्द म्हणायचा, अशा तोंडी चाचणीतही लिपीचीच मेख. ‘कमळ’मधला ‘क’ काढला की ‘मळ’, हे सोपं. ‘किती’तला नुसता ‘क्’ काढून ‘इती’ म्हणणं अवघड, कारण आपली लिपी स्वर-व्यंजन एकाच अक्षरात बांधते.

मात्र नीट शिकवलंच नसेल, तर त्याला डिस्लेक्सिया म्हणत नाहीत. किमान सहा महिने नेमकी मदत करूनही अडचण उरली, तरच ते निदान. ते तज्ज्ञांनी करायचं, मामाने नव्हे. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’वाल्यांनी तर मुळीच नाही, पट्टीच्या फटीतून कुणालाही वाचता येतं.

भाचीने ‘ठिमूक’चं ‘टिकम’ केलं. ताई आता रोज वीस मिनिटं वेलांट्या आणि जोडाक्षरं घेते. पुढच्या खेपेला मला नवी यादी करावी लागेल, कारण ‘ठिमूक’ आता तिला पाठ झालाय.