शैक्षणिक व्हिडिओ चॅनलची बालयोग्यता

शैक्षणिक म्हणवणारे एखादे व्हिडिओ चॅनल अमुक वयाच्या मुलाला दाखवण्याजोगे आहे का, याची पारख. ती बहुधा पालक किंवा शिक्षक करतात. पाठ्यपुस्तक छापण्याआधी ते संपादक आणि विषयतज्ज्ञांच्या हातांखालून जाते. चॅनलला अशी कोणतीच पायरी ओलांडावी लागत नाही. खाते उघडून वर्णनात ‘मुलांसाठी ज्ञान’ असे लिहिले की ते शैक्षणिक ठरते, त्यामुळे तपासणीचे सगळे काम मुलाजवळच्या मोठ्या माणसाकडे येते.

यूट्यूबवरील ‘मुलांसाठी बनवलेले’ ही खूण पाहून अनेक जण निश्चिंत होतात. ही खूण दर्जाची पावती नाही. अमेरिकेत 13 वर्षांखालील मुलांच्या खासगी माहितीला संरक्षण देणारा कायदा 1998 मध्ये झाला. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या आरोपावरून सप्टेंबर 2019 मध्ये गूगल आणि यूट्यूब यांनी 17 कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यानंतर, जानेवारी 2020 पासून, आपला व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे निर्मात्याने सांगणे सक्तीचे झाले. अशा व्हिडिओंवर व्यक्तिगत आवडीनुसार जाहिराती दाखवल्या जात नाहीत आणि कॉमेंट बंद असतात. आतला मजकूर बरोबर आहे का, मुलाला झेपणारा आहे का, याबद्दल ही खूण काहीच सांगत नाही. 2015 मध्ये आलेल्या यूट्यूब किड्स या स्वतंत्र अॅपमध्येही निवड मुख्यतः संगणकीय गाळणीवर चालते. ओळखीच्या कार्टून पात्रांचे भयप्रद व्हिडिओ त्या गाळणीतून मुलांपर्यंत पोहोचल्याचे 2017 मध्ये उघड झाले. पालकाने स्वतः मंजूर केलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय त्या अॅपमध्ये आहे. लहान मुलांसाठी तीच वापरावी.

पारख करताना पहिला विचार वयाचा. एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये, एक वर्षाच्या बाळालाही दाखवणे योग्य नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सुचवले. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी काही जणांनी समोर बसून मँडरिन भाषेत खेळ आणि गप्पा केल्या. ती बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. तेच व्हिडिओवर पाहिलेल्या बाळांच्या पदरी काहीच पडले नाही. ज्युडी डीलोश यांच्या 2010 च्या अभ्यासात, शब्द शिकवणारी डीव्हीडी महिनाभर पाहिलेली बाळे ती न पाहिलेल्या बाळांपेक्षा पुढे गेली नव्हती. मात्र ज्या पालकांना ती डीव्हीडी आवडली होती, त्यांना आपले बाळ खूप शिकल्यासारखे वाटत होते. पालकाने स्वतःच्या आवडीला पुरावा मानू नये, हे या अभ्यासातून लख्ख दिसते.

मूल टक लावून बघते म्हणजे ते शिकते, हाही असाच समज. ‘सेसमी स्ट्रीट’ ही अमेरिकी मालिका 1969 मध्ये सुरू झाली, तेव्हा एडवर्ड पामर यांनी दूरचित्रवाणी संचाशेजारी दर साडेसात सेकंदांनी बदलणाऱ्या स्लाइड लावून मुलांची नजर कुठल्या प्रसंगाला ढळते याची नोंद ठेवली. मुलांना काय समजले, हे तिथे वेगळे तपासले जात असे. आजच्या चॅनलच्या हाती बघण्याचा कालावधी दाखवणारे आकडे असतात. समज मोजणारे तसे काही सहसा नसते. अँजेलिन लिलार्ड यांच्या 2011 च्या प्रयोगात नऊ मिनिटे भरधाव कार्टून पाहिलेली चार वर्षांची मुले लगेच घेतलेल्या लक्ष आणि आत्मसंयमाच्या चाचण्यांत चित्रे काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. त्यांच्याच पुढच्या कामात वेगापेक्षा अशक्य, अद्भुत घटनांचा परिणाम अधिक दिसला.

चॅनल तपासायचे तर एक व्हिडिओ पुरत नाही. सर्वांत जुना, सर्वाधिक पाहिलेला आणि नुकताच आलेला असे तीन तरी शेवटपर्यंत, आवाज चालू ठेवून पाहावेत. त्यांतला एक आपल्या पक्क्या माहितीच्या विषयावरचा असावा, कारण चूक तिथेच पकडता येते. ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा होतो’ असे सांगणारे चॅनल अजून सापडते. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्यात. चूक लक्षात आणून दिल्यावर निर्मात्याने वर्णनात दुरुस्ती केली आहे का, हेही पाहावे. अशी दुरुस्ती जाहीरपणे करणारे चॅनल माझ्या मते कधीच न चुकल्याचा आव आणणाऱ्यापेक्षा भरवशाचे. प्रयोगाच्या व्हिडिओत आग, रसायने किंवा वीज असेल, तर मोठ्यांच्या देखरेखीची सूचना प्रयोग सुरू होण्याआधी यायला हवी. शेवटी आली तर उपयोग नाही.

विषयाशी संबंध नसलेले आवाज, चमचमाट आणि मजेशीर फाटे शिकण्यात अडथळा आणतात, असे रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातून वारंवार दिसले आहे. याउलट प्रश्न विचारून क्षणभर थांबणारा, मुलाला उत्तर द्यायला वाव देणारा व्हिडिओ चांगला. खरी कसोटी मात्र पडदा बंद झाल्यावर लागते. मुळाक्षरांचे गाणे तोंडपाठ झाले असेल, पण कागदावरचे एखादे अक्षर ओळखता येत नसेल, तर मूल चाल शिकले आहे. दुसऱ्या दिवशी ‘काल काय पाहिलंस, मला सांग’ एवढेच विचारावे.

जाहिरातीकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. समोरचा आपल्याला काही विकू पाहतो आहे, हे साधारण सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना नीट उमगत नाही. खेळण्यांची खोकी उघडून दाखवणे हा धड्याचाच भाग आहे असे त्यांना वाटते.

एकदा पसंत केलेले चॅनलही अधूनमधून पुन्हा पाहावे, कारण मालक, भाषा आणि विषय बदलतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या बालव्हिडिओंमुळे ही गरज वाढली आहे. अशा काही व्हिडिओंत चित्र एकाचे आणि नाव दुसऱ्याचे असते, आकड्याइतक्या वस्तू मोजून भरत नाहीत. यूट्यूबने 2024 मध्ये कृत्रिम दृश्ये जाहीर करण्याचा नियम आणला, पण तो खरी वाटतील अशा दृश्यांना लागू आहे. उघडपणे कार्टून असलेल्या व्हिडिओला त्यातून सूट आहे.