तेहतीस पानं कोण लिहिणार?

अमळनेर तालुक्यात माझा एक आतेभाऊ कपाशी करतो, वय अडतीस. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की काड्या पेटवून वांगी भाजायचं काम तो हौसेने अंगावर घेतो. पंगत बसून गलका वाढला की मात्र ताट उचलून विहिरीच्या पलीकडे जातो. गावाने त्याला कधीच 'घुम्या' ठरवून टाकलंय. त्याच्या लेकीची ऑटिझमसाठी (माणसांत मिसळणं-बोलणं लहानपणापासूनच वेगळं असणं) तपासणी चालू होती, तेव्हा डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता तो म्हणाला, "हाई ते बठ्ठं मनंच शे." (हे तर सगळं माझंच आहे.)

स्वतःची तपासणी करायला गेला तेव्हा पहिलं उत्तर मिळालं, "लग्न झालंय, शेती सांभाळता, तुम्हाला कसला ऑटिझम?" दुसऱ्या ठिकाणी नीट ऐकून घेतलं, पण विचारलं की दोन वर्षांचे असताना तुम्ही कसे होता? आत्याला विचारलं. ती म्हणाली, "एकलाच बशी ऱ्हाये, तरास काही दिन्हा नही." तिच्या लेखी ते कौतुक होतं.

बालपणाचा हा पुरावा मागण्याची रीत थेट पहिल्या नोंदीपासून आहे. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचा, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी वापरलेला. (ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. आपला 'स्वमग्न' त्याच वळणाचा, आणि तितकाच दिशाभूल करणारा.) १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरचा निबंध छापला: ८ मुलगे, ३ मुली. त्यातला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी कॅनरना मुलाबद्दल ३३ पानांचं टंकलिखित पत्र पाठवलं होतं, निबंधाची सुरुवातच त्या तपशिलावर उभी आहे. पुढे डोनाल्ड मिसिसिपीतल्या आपल्या छोट्या गावी बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला आणि २०२३ मध्ये ८९व्या वर्षी वारला. गावाने त्याला सांभाळून घेतलं. तसं सांभाळून घेणं खान्देशातही आहे, तेहतीस पानं लिहिणारा बाप तेवढा नाही.

अमेरिकेच्या १९८० च्या निदानपुस्तिकेत नावच 'इन्फंटाइल ऑटिझम' होतं आणि लक्षणं तीस महिन्यांच्या आत दिसायला हवीत अशी अट होती. १९८१ मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांचं विस्मृतीत गेलेलं काम पुढे आणलं, त्यामुळे बोलती, शिकलेली माणसंही नजरेत आली. त्याच पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने सगळे प्रकार एका 'स्पेक्ट्रम'मध्ये, म्हणजे कमी-जास्त छटांच्या एकाच पट्ट्यात घेतले. लक्षणं लहानपणापासूनची हवीत, ही अट राहिली. पण शिकून घेतलेल्या सवयींखाली ती पुढे झाकली जाऊ शकतात, हेही मान्य केलं. बायकांच्या बाबतीत हे झाकणं फार होतं. आपल्याकडे अबोल सूनबाईला कोण डॉक्टरकडे नेणार?

भारतात १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्याने २१ अपंगत्वांत त्याला जागा दिली. प्रमाणपत्रासाठी वापरतात ती 'इसा' (ISAA, ऑटिझम मोजायची भारतीय) मोजपट्टी २००९ ची. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० च्या खाली आलात तर ऑटिझम नाही. नजरेला नजर देत नाही, हा त्यातलाच एक मुद्दा. माझ्या भावाने समोरच्याच्या भुवयांकडे बघत बोलायची सवय वीस वर्षांपूर्वीच लावून घेतली, म्हणजे तिथे त्याचे गुण कमीच पडणार.

धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जुनं आहे, जळगावला २०१८ पासून आहे. पण मोठ्या माणसाचा ऑटिझम ओळखण्याचा सराव असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हवा म्हटलं की लोक नाशिक, पुण्याचं नाव सांगतात, नाहीतर मुंबईचं. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर, आणि एका भेटीत हे काम आटोपत नाही. कापूस वेचणीला आलेला असताना कोण जातो?

सध्या तो संध्याकाळी आत्याजवळ बसून शंभरपानी वहीत लिहून घेतोय. दीड पान झालंय. त्यातलं निम्मं त्या साली मेलेल्या बैलाबद्दल आहे.