नॅरोबोटीचा परवाना आणि उन्हाळी डागडुजी : पात्रता, कागदपत्रे व अर्जाचा क्रम

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे 2000 मैलांचे कालवे व नद्या 2012 पासून ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहेत, आणि या जलमार्गांवर बोट ठेवायची किंवा चालवायची असल्यास या संस्थेचा परवाना घ्यावाच लागतो. हा परवाना बोटीचा असतो, माणसाचा नव्हे. स्वतःची खासगी बोट चालवण्यासाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. मात्र बोट विकली की जुना परवाना नव्या मालकाच्या नावावर होत नाही, त्याला नव्याने अर्ज करावा लागतो. लंडनचे घरभाडे झेपत नाही म्हणून जुनी नॅरोबोट (कालव्यांसाठीची लांब, अरुंद बोट) घेण्याच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींनी हे व्यवहार ठरवण्याआधीच लक्षात घ्यावे.

1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार परवान्यासाठी तीन अटी पूर्ण कराव्या लागतात. पहिली, बोट सुरक्षा योजनेचे वैध प्रमाणपत्र. ते चार वर्षे चालते आणि अनुरूपतेचे घोषणापत्र (बोट ठरलेल्या मानकांनुसार बांधल्याचे बांधणाऱ्याचे लेखी निवेदन) असलेल्या नव्या बोटीला पहिली चार वर्षे त्यातून सूट असते. दुसरी अट विम्याची असून तो किमान 20 लाख पौंडांच्या तृतीय पक्ष दायित्वाचा असावा लागतो. तिसरी अट मुक्कामाची आहे : एक तर बोटीला कायमची मुक्कामाची जागा हवी, नाहीतर संपूर्ण परवाना काळात बोट खऱ्या अर्थाने प्रवासात हवी आणि एका ठिकाणी सलग 14 दिवसांहून अधिक थांबता कामा नये.

या तिसऱ्या अटीबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. दर पंधरवड्याला दोन पुलांच्या मध्ये पुढे-मागे सरकणे म्हणजे प्रवास, असे अनेकांना वाटते; ट्रस्टला ते मान्य नाही. वर्षभरातल्या प्रवासाचा एकूण पल्ला 15 ते 20 मैलांपेक्षा कमी असेल, तर अट पाळली गेली असे ट्रस्ट सहसा मानत नाही. इंजिन बिघडले किंवा घरात आजारपण आले, तर मुदत संपण्यापूर्वीच ट्रस्टला कळवून जादा मुक्कामाची परवानगी मागावी आणि दुरुस्तीची पावती किंवा डॉक्टरांचे पत्र जपून ठेवावे. विनापरवाना बोट हटवण्याचा अधिकार ट्रस्टला 1983 च्या कायद्याने दिला आहे. ज्यांचे घरच ती बोट आहे, त्यांनी याबाबत चालढकल मुळीच करू नये.

उन्हाळ्यातली डागडुजी आणि ही कागदपत्रे यांचा संबंध फार जवळचा आहे, म्हणून कामांचा क्रम नीट लावणे महत्त्वाचे. ड्राय डॉक (बोट पाण्याबाहेर कोरडी ठेवून काम करण्याच्या जागा) उन्हाळ्यात लवकर भरतात, तेव्हा तारीख हिवाळ्यातच घ्यावी. बोट पाण्याबाहेर आली की आधी दाबाच्या पाण्याने तळ धुवून घ्यावा आणि ब्लॅकिंग (बोटीच्या पाण्याखालच्या भागाला डांबर लावणे) करण्यापूर्वी सर्वेक्षकाकडून अल्ट्रासाउंडने पोलादाची जाडी मोजून घ्यावी. आजकालच्या बांधणीत तळाचा पत्रा बहुधा 10 मिलिमीटर आणि बाजूंचा 6 मिलिमीटर असतो. जाडी 4 मिलिमीटरच्या खाली गेलेली आढळली, तर विमा कंपन्या सहसा वेल्डिंग करून घ्यायला सांगतात. जुन्या बोटीच्या सर्वंकष विम्यासाठी हाच सर्वेक्षण अहवाल मागितला जातो. त्यानंतर डांबराचे हात द्यावेत, जे दर दोन-तीन वर्षांनी लागतात, आणि गंज स्वतःवर घेऊन पोलाद वाचवणारे, झिजलेले मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड बदलावेत.

एक चूक मात्र वारंवार होते. गॅसची टाकी ठेवण्याच्या कप्प्याला पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, तळाशी, निचऱ्याचे छिद्र असते. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो या छिद्रातूनच बाहेर पडतो. ब्लॅकिंग करताना डांबर नेमके त्यावर बसते, बाहेरून सगळे काळे आणि चकचकीत दिसते आणि छिद्र बंद झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. रंग ओला असतानाच त्यात काडी फिरवून ते मोकळे करावे. थंडीत चिंध्या कोंबून बुजवलेल्या हवेच्या जाळ्याही याच वेळी उघडाव्यात, कारण सुरक्षा प्रमाणपत्रासाठी येणारा परीक्षक वायुवीजन, गॅसची गळती, इंधनाच्या नळ्या, विजेचे वायरिंग, अग्निशामके आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हे सारे तपासतो. म्हणून डागडुजी आधी करावी आणि तपासणी नंतर.

अर्ज ऑनलाइन करता येतो. त्यासाठी बोटीचा नोंदणी क्रमांक, लांबी-रुंदी, सुरक्षा प्रमाणपत्राचा तपशील, विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक व तिची अंतिम तारीख आणि मुक्कामाच्या जागेची माहिती हाताशी ठेवावी. शुल्क बोटीच्या आकारावर ठरते, आणि एप्रिल 2024 पासून कायमची जागा नसलेल्या बोटींना अधिभार लागू झाला आहे. थेम्स नदीवरही जायचे असेल, तर सरकारी पर्यावरण संस्थेचे (एन्व्हायर्नमेंट एजन्सी) जलमार्गही सामावून घेणारा गोल्ड परवाना सोयीचा पडतो.

परवाना मिळाल्यावर तो आणि नोंदणी क्रमांक बाहेरून स्पष्ट दिसतील असे लावावेत. केबिनला नवा रंग देताना जुना क्रमांक झाकला गेला असेल, तर बोट डॉकबाहेर काढण्याआधीच तो पुन्हा रंगवून घ्यावा.