कोळसा खाणीमुळे नाला-विहिरींचं काय होणार? मुंबईत राहून लेखी हरकत कशी द्यायची

गाव वणी, भद्रावती, घुग्घुसकडे आणि नोकरी मुंबईत, असे आपल्यात बरेच जण आहेत. गावाशेजारी नवीन खाण येतेय नाहीतर जुनी वाढवतायत, ग्रुपवर जनसुनावणीची नोटीस फिरते आणि इथे बसून वाटतं आपण काय करणार. करता येतं. फी नाही, वकील लागत नाही.

आधी थोडक्यात प्रोसेस. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे खाणीला पर्यावरण मंजुरी लागते, त्यासाठी कंपनी परिणामांचा मसुदा अहवाल म्हणजे ईआयए बनवून घेते, आणि मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी लावतं. किमान ३० दिवस आधी पेपरात जाहिरात द्यावी लागते. अध्यक्ष कलेक्टर किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालचा नाही असा अधिकारी, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं, कोरम वगैरे काही नाही, म्हणजे चार माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. काही विस्तार प्रकल्पांना सुनावणीतून सूट मिळते, तेव्हा ते आधी चेक करा.

हरकत कोण घेऊ शकतं? सुनावणी मुख्यतः स्थानिक बाधित लोकांसाठी, पण ज्यांचा पर्यावरणाच्या बाजूने खरोखर संबंध येतो ते बाहेरूनही लेखी म्हणणं पाठवू शकतात. शेत तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर प्रश्नच नाही.

आता मेन काम, अहवाल वाचणं. मराठी सारांश मंडळाच्या वेबसाइटवर असतो, पूर्ण मसुदा कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र इथे बघायला ठेवतात. सारांशावर थांबू नका, त्यात सगळं छान छानच असतं. पूर्ण अहवालातलं पाण्याचं प्रकरण काढा, आणि सगळ्यात आधी नाल्याचं पाणी कुठल्या महिन्यात मोजलं ते बघा. पायाभूत माहिती बऱ्याचदा पावसाळा सोडून एकाच सीझनची घेतात, आता मार्च ते मे मध्ये कोणी नाला बघायला गेलं तर तो कोरडाच दिसणार ना, मग रिपोर्टमध्ये 'हंगामी नाला' असं लिहून विषय संपतो, आणि तोच नाला दिवाळीनंतर कितीतरी दिवस गुरांना पाणी देतो हे कुठेच येत नाही.

दुसरं, विहिरी. ओपनकास्ट म्हणजे वरून उघडी खणलेली खाण भूजल पातळीच्या खाली गेली की खड्ड्यात पाणी झिरपतं, ते सतत पंपाने उपसावं लागतं आणि आजूबाजूची पातळी खाली ओढली जाते. वर्धा खोऱ्यात कोळशावर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे, आणि आपल्या विहिरी-बोअरला पाणी देणारा तोच दगड! उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची एनओसी लागते, तेव्हा परिणाम किती लांब जाईल याचा हिशोब अहवालात दिलाय का ते शोधा. अंडरग्राउंड खाण असेल तर जमीन खचून भेगा पडण्याचा मुद्दा, नाल्याचं पाणी त्यातूनही खाली जातं.

तिसरं ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे ढिगारे. नाल्यापासून किती लांब, भोवती पाणी अडवणारी चर आणि गाळ बसवायची टाकी आहे का, आणि नाला वळवणार असतील तर जोराच्या पावसात नवीन पात्र पुरेल का. २६ जुलै २००५ ला मिठीने आपल्याला जे दाखवलं तेच इथेही, पाण्याची वाट अरुंद केली की ते आपल्या घरातून जातं.

कागदपत्रांची सक्तीची यादी अशी नाहीच, पण नुसतं 'आमचा विरोध आहे' लिहिलं तर कंपनी एका ओळीत उत्तर देऊन मोकळी होते. म्हणून सातबारा (विहिरीची नोंद असेल तर उत्तम), गट नंबर टाकलेला साधा नकाशा, तारीख दिसणारे नाल्याचे फोटो, आणि भावाला किंवा काकांना सांगून दोर सोडून मोजलेली विहिरीची पातळी, तारखेसकट, हे जोडा. भूजल सर्वेक्षण विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, जवळच्या विहिरीचे जुने आकडे १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात मागता येतात, मात्र उत्तराला ३० दिवस धरा, म्हणजे सुनावणीची कुणकुण लागली की लगेच टाका.

मजकूर असा असू द्या: 'अहवालात गट क्रमांक अमुकच्या उत्तरेचा नाला हंगामी दाखवला आहे. तो फेब्रुवारीपर्यंत वाहतो, फोटो जोडले आहेत. मोजमाप कोणत्या तारखेला व कुठे घेतले, आणि खाण सुरू झाल्यावर प्रवाह किती कमी होईल, हे लेखी कळवावे.' एका मुद्द्याला एक परिच्छेद, खाली सही, पत्ता, मोबाईल.

पाठवायचं नोटिशीत दिलेल्या पत्त्यावर, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही करा. मंडळाचं मुख्यालय सायनला कल्पतरू पॉइंटमध्ये आहे, एक कॉपी तिथे आवक विभागात देऊन दुसऱ्या कॉपीवर पोचचा शिक्का घ्याच, नंतर 'मिळालंच नाही' ऐकायला नको. सुनावणीला गावचं कोणी जाणार असेल तर शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात तोपर्यंत त्याला थांबायला सांगा, आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथल्या तिथे उठून बोलायचं.

पुढे मंजुरी मिळाली तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर पत्र येतं. त्यातल्या पाण्याच्या अटी वाचून ठेवा, कंपनीला दर १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल (अटी पाळल्या का त्याचा) द्यावा लागतो तेव्हा त्या उपयोगी पडतात. मंजुरीलाच आव्हान द्यायचं असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे, मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यानंतर अपील घेत नाहीत.