संरक्षण खरेदीचा हिशेब मागायचाय? माहिती अधिकाराचा अर्ज असा करा

माझगाव गोदीत बांधलेली ‘वागशीर’ पाणबुडी १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. स्कॉर्पीन जातीच्या सहा पाणबुड्यांमधली ही शेवटची. या सहांचा करार ऑक्टोबर २००५ चा, मंजूर रक्कम १८,७९८ कोटी रुपये. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळायची होती, ‘कलवरी’ प्रत्यक्षात आली डिसेंबर २०१७ मध्ये. मुदत किती वेळा वाढवली, वाढवताना दंड लावला की माफ केला, हे सामान्य माणसाला विचारता येतं का? येतं, आणि दहा रुपयांत येतं. योगायोग असा, की माहितीचा अधिकार अधिनियमही त्याच महिन्यात, १२ ऑक्टोबर २००५ ला अमलात आला.

‘लष्कराला माहिती अधिकार लागू नाही’ हा समज फार घट्ट आहे. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सूट मिळालेल्या संस्थांची यादी आहे. त्यात गुप्तचर यंत्रणा आहेत, सीमा सुरक्षा दल आणि केंद्रीय राखीव पोलीस दल आहे, डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था आहे. भूदल, नौदल आणि हवाई दल मात्र त्या यादीत नाहीत. संरक्षण मंत्रालय नाही, सरकारी संरक्षण कंपन्याही नाहीत. म्हणजे माझगाव डॉक, वास्कोची गोवा शिपयार्ड, १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून झालेल्या सात कंपन्यांपैकी पुण्याची म्युनिशन्स इंडिया आणि नागपूरची यंत्र इंडिया, या सगळ्यांकडे अर्ज करता येतो. यादीतल्या संस्थांबाबतही प्रश्न भ्रष्टाचाराच्या आरोपाशी निगडित असेल तर कलम २४ ची सूट लागू होत नाही.

पात्रतेत फार काही नाही. अर्जदार भारताचा नागरिक हवा, एवढंच. परदेशात राहणारा भारतीय नागरिक चालतो, पण ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलेला परदेशी नागरिक चालत नाही. संस्थेच्या लेटरहेडवर, संस्थेच्या नावाने अर्ज करू नका. स्वतःच्या नावाने करा, पत्ता हवा तर संस्थेचा द्या. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. कुणी फोन करून ‘तुम्हाला याच्याशी काय करायचंय?’ असं विचारलं तर नम्रपणे हेच कलम सांगा.

आता फी. महाराष्ट्रातल्या मंडळींची गाडी नेमकी इथे अडते. तहसील किंवा महापालिकेच्या अर्जावर आपण दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतो. केंद्र सरकारच्या २०१२ च्या नियमांत कोर्ट फी स्टॅम्प नाही. माझा पहिला अर्ज याच एका कारणाने जसाच्या तसा परत आला होता, आणि तोवर महिना गेला होता. केंद्राकडे रोख, डिमांड ड्राफ्ट, बँकर्स चेक किंवा भारतीय पोस्टल ऑर्डर चालते, आणि ती त्या कार्यालयाच्या ‘लेखा अधिकारी’ या पदनामाने काढायची. पोस्टल ऑर्डर मागितली की काउंटरवरचा माणूस कधी कधी ‘संपल्यात’ म्हणतो. अशा वेळी मोठ्या टपाल कार्यालयात जावं.

राज्याच्या आणि केंद्राच्या नियमांत आणखी एक फरक आहे. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय, अशी अट आहे. केंद्रात साधारण ५०० शब्द चालतात, आणि शब्द वाढले एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळता येत नाही.

घरबसल्या करायचं तर केंद्राचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल आहे. महाराष्ट्राचं पोर्टल वेगळं आहे, तिथे संरक्षण मंत्रालय सापडणार नाही. केंद्राच्या पोर्टलवर मजकुराला ३,००० अक्षरांची मर्यादा आहे. त्याहून मोठा अर्ज पीडीएफ करून जोडायचा आणि फी कार्डाने किंवा नेट बँकिंगने भरायची. नोंदणी क्रमांक मिळाला की त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढच्या अपिलांना तोच आधार.

कागदपत्रं मोजकीच लागतात. सही केलेला अर्ज, त्यावर नाव आणि टपाल येईल असा पत्ता, फीची पोस्टल ऑर्डर. दारिद्र्यरेषेखालील असाल तर त्या दाखल्याची प्रत जोडा, मग फीही नाही आणि झेरॉक्सचा खर्चही नाही. ओळखपत्र जोडायची अट नियमांत नाही. तरी नागरिकत्वावरून पत्रव्यवहार लांबू नये म्हणून मी मतदार ओळखपत्राची प्रत लावतो. हा फक्त वेळ वाचवायचा उपाय.

भाषेचं काय? कायदा इंग्रजी, हिंदी किंवा अर्ज जिथे केला जातो त्या भागाची राजभाषा, असं म्हणतो. मुंबईतल्या नौदल लेखा कार्यालयाकडे किंवा पुण्यातल्या दक्षिण कमांडच्या लेखा कार्यालयाकडे मराठीत अर्ज करायला हरकत नाही. दिल्लीला पाठवायचा असेल तर हिंदीत लिहा, भाषांतराच्या नावाखाली कागद पडून राहत नाही.

कुणाकडे पाठवायचा हे ठरवताना खरेदीचा कागद कुठे असतो याचा विचार करा. मोठी भांडवली खरेदी, म्हणजे पाणबुड्या, विमानं, तोफा, ही संरक्षण विभागाच्या अधिग्रहण शाखेतून होते. तिथे २०२० ची संरक्षण अधिग्रहण प्रक्रिया लागू आहे. आधी गरजेला मान्यता, मग प्रस्तावाची मागणी, चाचण्या, किमतीची वाटाघाट समिती, मग करार, असा क्रम. प्रत्यक्ष पैसे कधी आणि किती दिले हे संरक्षण लेखा विभागाला ठाऊक. पुरवठा का रखडला हे कंपनीला. चुकीच्या ठिकाणी गेला तरी घाबरू नका. कलम ६(३) नुसार तो अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणं हे त्यांचं काम आहे.

मात्र खरी गोम आहे प्रश्नात. ऑगस्ट २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका वृत्तपत्राने बातमी दिली, की स्कॉर्पीनची २२,००० हून अधिक पानांची तांत्रिक माहिती फुटली आहे. पाणबुडी पाण्याखाली किती आवाज करते, कोणत्या वारंवारितेवर काय ऐकते, अशा माहितीवर तिच्यातल्या माणसांचा जीव टांगलेला असतो. ती गुप्तच हवी, आणि कलम ८(१)(ए) त्यासाठीच आहे. पण त्याच कलमाच्या पांघरुणाखाली मुदतवाढीचा आदेशही झोपवला जातो. तेव्हा प्रश्न असा लिहा की ते पांघरूण त्याला पुरणारच नाही. पाणबुडी किती खोल जाते ते विचारू नका, किती उशिरा आली ते विचारा.

‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळा. ‘उशीर का झाला?’ याला ‘हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते कायद्याला धरूनही असतं. कारण अधिकाऱ्याने फाइलमध्ये असलेलं द्यायचं असतं, नवं मत लिहून द्यायचं नसतं. म्हणून कागद मागा. असं काहीसं:

‘अमुक कराराचं मूळ पुरवठा वेळापत्रक आणि आजवरच्या सर्व मुदतवाढ आदेशांच्या प्रती द्याव्यात, तांत्रिक परिशिष्टे वगळून. प्रत्येक मुदतवाढ विलंबदंडासह दिली की दंडाशिवाय, ते दर्शवणारा आदेश द्यावा. वसूल झालेल्या दंडाची वर्षनिहाय रक्कम द्यावी. आर्थिक वर्षनिहाय अदा केलेली रक्कम द्यावी. एखाद्या कागदाचा काही भाग सूट असलेला वाटल्यास कलम १० प्रमाणे तेवढा झाकून उरलेला भाग द्यावा. संबंधित फाइलच्या तपासणीसाठी तारीख कळवावी.’

शेवटचं वाक्य विसरू नका. तपासणीचा पहिला तास फुकट असतो, पुढे तासाला पाच रुपये. झेरॉक्स दोन रुपये पान. फाइल समोर उघडली की कोणती चार पानं खरी कामाची, हे तुम्हाला तिथेच कळतं.

नकाराचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे व्यापारी गोपनीयता, कलम ८(१)(डी). पुरवठादार कंपनीला ‘त्रयस्थ पक्ष’ म्हणून नोटीस जाते, ती हरकत घेते, आणि उत्तराची मुदत तीसवरून चाळीस दिवसांवर जाते. इथे कलम ८(३) कामाला येतं. वीस वर्षं उलटलेल्या गोष्टींना कलम ८(१) मधल्या (ए) म्हणजे देशाची सुरक्षा, (सी) म्हणजे संसद-विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि (आय) म्हणजे मंत्रिमंडळाचे कागद, या तीनच सवलती उरतात. व्यापारी गोपनीयता त्यांत नाही. स्कॉर्पीनच्या कराराला ऑक्टोबर २०२५ मध्ये वीस वर्षं झाली. कारगिलच्या वेळच्या तातडीच्या खरेदीला तर त्याहून जास्त. त्या खरेदीबद्दल महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २००१ मध्ये लिहिलं होतं, की बराच माल लढाई थांबल्यानंतर आला. तेव्हा जुना करार मागताना अर्जात ८(३) चा उल्लेख करा. फक्त (ए) ची भिंत वीस वर्षांनीही उभी राहते, हे लक्षात असू द्या. १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल पत्रकार कुलदीप नय्यर यांनी मागितला होता. २०१० मध्ये केंद्रीय माहिती आयोगानेही तो द्यायला नकार दिला.

आणि ८(२) आहेच. सूट लागू असली तरी जनहित त्या हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. राफेल विमानखरेदीच्या फेरविचार याचिकांत सरकारने कागद गोपनीय असल्याचा आक्षेप घेतला होता. १० एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, तेव्हा निकालात या कलमाचाही विचार झाला होता. फेरविचार याचिका पुढे फेटाळल्या गेल्या ही गोष्ट वेगळी, पण कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का आहे एवढ्याने विषय संपत नाही, हे त्या दिवशी ठरलं.

अर्जाआधी एक दिवस वाचनाला द्या, बरीच माहिती उघडी पडलेली असते. अर्थसंकल्पात संरक्षणाच्या मागण्या वेगवेगळ्या छापलेल्या असतात. २०२५-२६ साठी एकूण तरतूद ६.८१ लाख कोटी रुपये, त्यात भांडवली खर्च १.८० लाख कोटी आणि निवृत्तिवेतन १.६१ लाख कोटीच्या आसपास. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल फुकट मिळतात. कॅगचे सगळे संरक्षण अहवाल संकेतस्थळावर सापडतीलच असं नाही, पण जे मिळतील ते वाचाच. २०१५ च्या दारूगोळ्यावरच्या अहवालात म्हटलं होतं, की निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. असा परिच्छेद क्रमांकासह अर्जात लिहिला आणि ‘या आक्षेपावर झालेल्या कार्यवाहीच्या प्रती’ मागितल्या, तर अधिकाऱ्याला ‘माहिती अस्तित्वात नाही’ म्हणणं जड जातं. माझगाव डॉक २०२० पासून शेअर बाजारात आहे. तिच्या वार्षिक अहवालात हातातल्या कामांची जी माहिती मिळते ती कधी कधी मंत्रालयाच्या उत्तरापेक्षा सरस निघते.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढचे तीस दिवस प्रथम अपिलाचे. त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, फी न भरता. नकाराच्या पत्रात कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचं पद लिहिणं बंधनकारक आहे. नुसतं ‘८(१)(ए) अन्वये देता येत नाही’ असं आलं तर अपिलात एवढंच लिहा: ही माहिती दिल्याने सुरक्षेला नेमकी कोणती बाधा येते ते सांगितलेलं नाही, आणि नकार योग्य असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) ने माहिती अधिकाऱ्यावर टाकली आहे. निर्णय तीस दिवसांत, लांबला तर पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा.

तोही समाधानकारक नसेल तर नव्वद दिवसांत दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील. मूळ अर्ज, उत्तर, पहिलं अपील, त्यावरचा आदेश, या सगळ्यांच्या स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती आणि त्यांची अनुक्रमणिका जोडा. एक प्रत माहिती अधिकाऱ्याला आधीच पाठवून त्याची पोचही लावा, नाहीतर त्रुटी काढून अपील परत येतं. सुनावणीला दिल्ली गाठायची गरज नसते. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एनआयसीच्या (सरकारी संगणक विभागाच्या) खोलीतून व्हिडिओवर बोलता येतं. विनाकारण उशीर झाल्याचं दिसलं तर आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड अधिकाऱ्याच्या खिशातून घेऊ शकतो.

सुनावणीच्या दिवशी कागद तारखेच्या क्रमाने लावून न्या. बोलायला मिळतात मोजकी मिनिटं.