कूलरचा प्लग आणि त्याच्या आतला प्रोग्रॅम

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की आमच्या वरुड तालुक्यातल्या गावात भर दुपारी एकच आवाज ऐकू येतो, तो कूलरचा. माझ्या ओसरीवरच्या लोखंडी कूलरला पंख्याची एक आणि पाण्याच्या पंपाची दुसरी अशा दोन वेगळ्या वायरी आहेत. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्या, एकदा भिजल्या की काही वेळ ओल्या राहतात आणि मे महिन्यात टाकीतले पाणी पुरवून वापरावे लागते, म्हणून पंपाच्या वायरीला मी एक वायफायचा स्मार्ट प्लग, म्हणजे मोबाईलवरून चालू-बंद होणारा प्लग, लावला. पंप पंधरा मिनिटे चालावा आणि पंधरा मिनिटे थांबावा, एवढीच अपेक्षा होती. ती पुरी झाली, पण नेट असेपर्यंतच. लाईन जाऊन परत आली की नेट तिच्या बऱ्याच मागून येते, आणि तोवर पंखा कोरड्या ताट्यांतून गरम वारा ओढत राहायचा, प्लग समोर दिसत असूनही मोबाईलवर ‘उपकरण ऑफलाइन’ एवढेच उत्तर यायचे.

याचे कारण प्लगच्या रचनेत नसून त्याच्या प्रोग्रॅममध्ये आहे. मोबाईलवर बटण दाबले की तो आदेश आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून उलटा फिरून दोन हातांवरच्या प्लगपर्यंत येतो. सर्व्हरशी संबंध तुटला की प्लग धडधाकट असूनही निरुपयोगी होतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले, तेव्हा असंख्य ग्राहकांना आपल्याच घरातले दिवे मोबाईलवरून लावता येईनात. आमच्याकडे तसा प्रसंग रोज थोडा थोडा येतो, इतकेच.

असा प्लग उघडला तर आत फारसे काही नसते. ‘टक’ असा आवाज करत वीज जोडणारा-तोडणारा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारे बटण, २३० व्होल्टचे ३.३ व्होल्ट करणारा छोटासा भाग, एक बटण, एक एलईडी आणि पत्र्याच्या टोपणाखाली झाकलेली वायफायची चिप. बऱ्याच जुन्या प्लगमध्ये ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ असते. ती २०१४ मध्ये बाजारात आली आणि इतकी स्वस्त निघाली की जगभरच्या हौशी लोकांनी तिच्यासाठी स्वतःचे प्रोग्रॅम लिहायला घेतले. नेदरलँड्सच्या थिओ आरेंड्स यांनी सोनऑफ या ब्रँडच्या स्विचसाठी लिहिलेला ‘टास्मोटा’ त्यांतला सर्वांत रुळलेला म्हणता येईल. तो फुकट आहे, त्याचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो आणि तो आता शेकडो प्रकारच्या उपकरणांवर चालतो. कंपनीचा प्रोग्रॅम काढून हाच माझ्या प्लगमध्ये घालायचे मी ठरवले.

उपकरणाच्या पोटात कायम राहणाऱ्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. तो फ्लॅश प्रकारच्या मेमरीत साठवलेला असतो, म्हणून तो बदलण्याला फ्लॅश करणे असा शब्द रूढ झाला. चिप सुरू होताना आधी स्वतःच्या काही पिना, म्हणजे तारा जोडायची टोके, तपासते. शून्य क्रमांकाची पिन त्या क्षणी ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) जोडलेली असेल, तर ती जुना प्रोग्रॅम न चालवता सीरियल तारेवरून नवा प्रोग्रॅम येण्याची वाट पाहते. गंमत अशी, की सोनऑफ बेसिकसारख्या स्विचवर बाहेरचे बटण याच पिनेला जोडलेले असते, त्यामुळे बटण दाबून धरून वीज दिली की आतले दार उघडते. त्यानंतर ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटाच्या दोन अशा चार तारा लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी-सीरियल अडॅप्टरला जोडायच्या. डेटाच्या तारा मात्र उलटसुलट, म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानाशी. अडॅप्टर ५ व्होल्टवर ठेवला तर चिप जळण्याची भीती असते. नवा प्रोग्रॅम चढवण्याआधी जुन्याची प्रत काढून ठेवलेली बरी, कारण टास्मोटा नको वाटला तर परतीची वाट तेवढीच असते. वॉरंटी तर प्लग उघडतानाच गेलेली असते.

नवा प्रोग्रॅम आत गेला तरी कोणत्या पिनेवर रिले आहे आणि कोणत्या पिनेवर दिवा, हे त्याला ठाऊक नसते. सोनऑफ बेसिकमध्ये रिले बाराव्या पिनेवर आणि एलईडी तेराव्या पिनेवर असतो. दुसऱ्या ब्रँडमध्ये हा नकाशा वेगळा. माझ्या पहिल्या प्रयत्नात नकाशा चुकला आणि बटण दाबले की दिवा डोळे मिचकावे, रिले मात्र ढिम्म. नकाशा सुधारला, की प्लगचे स्वतःचे छोटे वेबपान घरच्या वायफायवर उघडते आणि त्यावरून नेट नसतानाही पंप चालू-बंद करता येतो.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये लाइपझिगच्या एका परिषदेत तुया कंपनीच्या प्रणालीवर चालणाऱ्या उपकरणांमधले दोष उघड झाले आणि त्यांतून प्लग न उघडता, केवळ वायफायवरून फर्मवेअर बदलण्याची युक्ती निघाली. पुढे ती वाट बुजवली गेली, आणि आता अनेक नव्या प्लगमध्ये बेकेन कंपनीची चिप असते, जिच्यावर ईएसपीसाठीचा टास्मोटा चालत नाही. त्यामुळे खरेदी करताना खोक्यावरचे नाव पाहून काही कळत नाही, चिप कोणती आहे हे पाहावे लागते.

आता या कामातली खरी जोखीम. बहुतेक स्वस्त प्लगमध्ये ३.३ व्होल्टचा भाग मेन्सपासून, म्हणजे घरच्या २३० व्होल्टच्या विजेपासून, वेगळा केलेला नसतो. प्लग बोर्डात खोचलेला असेल, तर आतल्या ‘ग्राउंड’ला हात लावणे म्हणजे थेट फेजला हात लावण्यासारखे ठरू शकते, आणि त्याच वेळी तो लॅपटॉपला जोडलेला असेल तर लॅपटॉपही जातो आणि माणूसही. फ्लॅश करताना प्लग मेन्सपासून पूर्ण तोडलेला असावा, वीज फक्त अडॅप्टरची घ्यावी आणि झाकण पक्के बसवल्यावरच प्लग बोर्डात खोचावा.

दुसरी गोष्ट कोणत्याही फर्मवेअरच्या हातातली नाही. प्लगमधला रिले साधारणपणे एकच तार तोडतो. गावातल्या जुन्या घरांत सॉकेटमधले फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झालेले सर्रास आढळतात. अशा ठिकाणी मोबाईलवर पंप ‘बंद’ दिसत असतानाही पाण्यातल्या पंपापर्यंत फेज पोचलेला असतो, आणि अर्थिंग नसलेल्या लोखंडी कूलरला ओल्या हाताने शिवणाऱ्याला तो पुरतो. म्हणून माझ्या घरी टाकीत पाणी भरण्याआधी कूलरची पिन सॉकेटमधून हाताने उपसून काढायची, असा नियम आहे, आणि आईसुद्धा तो पाळते. शेतातली ३ किंवा ५ एचपीची थ्री-फेज मोटर अशा प्लगवर चालवायचा विचारही कोणी करू नये. १० अँपिअरच्या छोट्या रिलेचे ते काम नव्हे.

पुढचा घोटाळा मला पावसाळ्याच्या तोंडावर कळला. वादळवारे सुटले की आमच्याकडची लाईन एकदम जात नाही. ती झटके देत, येत-जात जाते. एका संध्याकाळनंतर प्लग वायफायवरून नाहीसा झाला आणि कोऱ्या अवस्थेत, स्वतःचेच नेटवर्क पसरवून बसलेला सापडला. टास्मोटात अशी सोय आहे, की दहा सेकंदांपेक्षा कमी अंतराने सहा वेळा वीज तोडून सातव्यांदा चालू ठेवली तर सगळ्या नोंदी पुसल्या जाऊन प्लग मूळ स्थितीत येतो. पासवर्ड विसरलेल्यासाठी ही सोय मोलाची आहे. आमच्या डीपीने मात्र ती आपणहून वापरली. ‘सेटऑप्शन६५’ ही आज्ञा १ केली की ही सोय बंद होते. जिथे लाईन असे झटके देते, तिथे ती पहिल्याच दिवशी द्यावी.

राहिला प्रश्न वेळेचा. या चिपमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज आली की ती इंटरनेटवरून वेळ विचारते आणि नेट नसेल तर तिला सकाळ-संध्याकाळ समजत नाही. आधी मी पंपाला घड्याळी वेळा लावून दिल्या होत्या, त्या यामुळेच फसत. आता प्लगमध्ये दोन ओळींचा नियम आहे: चालू झाल्यापासून ९०० सेकंद मोज, रिले उलटव, पुन्हा ९०० सेकंद मोज. सेकंद मोजायला किती वाजले हे माहीत असावे लागत नाही. काल दुपारी लाईन चारदा गेली, नेट रात्रीपर्यंत आले नाही, आणि पंप लाईन असेल तेव्हा पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळीने चालत राहिला.